डाव्या मोराचे वाठोरे सर

मी निर्मलजवळच्या मुधोळची. बदलीचा कागद घेऊन आदिलाबाद जिल्ह्यातल्या या गावात आले, तेव्हा शाळेचं फाटक म्हणून मला जे दाखवण्यात आलं ते पाहून वाटलं, आपण चुकून कुणा संस्थानिकाच्या दारात उतरलो. विटा-चुन्याची उंच कमान, तिच्यावर कमळं आणि वेली, दोन्ही खांद्यांवर चुन्यात घडवलेले दोन मोर, आणि खाली सागवानी दरवाजा, ज्याचं एक दार बिजागरीतून सुटून भिंतीला टेकलेलं. आत पाहावं तर पत्र्याची शाळा. या दरवाजाला गावात देवडी म्हणतात. मागे देशमुखांचं घर होतं. ते फार पूर्वी वाटण्यांत पाडलं, दगड-लाकूड ज्याने त्याने नेलं, जागा शाळेला मिळाली. देवडी तेवढी उभी राहिली, कारण ती कुणाच्या वाट्याला द्यायची हे भावाभावांत शेवटपर्यंत ठरलं नाही.

मी ऑटोतून ट्रंक उतरवत होते. हिवाळ्याची सकाळ होती. पांढऱ्या हाफ शर्टातला एक उंच, हडकुळा माणूस समोरून चालत आला, कमानीच्या अलीकडे थांबला, काखेतली काळी छत्री काढून उघडली, छत्री डोक्यावर धरून कमानीखालून आत गेला आणि पलीकडे गेल्यावर मिटली. वर ती झटकलीसुद्धा. मी आभाळाकडे पाहिलं. ढगाचा तुकडा नव्हता.

"तुमी गनिताच्या नवीन बाई का जी?" त्यांनी आतून विचारलं.

"हो."

"मंग या ना. अंदर याले कोनाले इचारा लागत नाई आता."

हे वाठोरे सर. समाजशास्त्र शिकवायचे. त्या वाक्यातलं 'आता' मला तेव्हा ऐकूही आलं नाही. माझं मत तिथल्या तिथे झालं, की शाळेत एक वेडा आहे आणि त्याच्या शेजारच्या वर्गावर आपल्याला शिकवायचं आहे.

वर्गांच्या मधली भिंत कमी उंचीची होती, त्यामुळे माझ्या त्रैराशिकात त्यांचा इतिहास सारखा येऊन पडायचा. धडा ते पुस्तकात होता तसा वाचून दाखवत, एक शब्द गाळत नसत. मग पुस्तक मिटल्याचा आवाज येई आणि ठरलेलं वाक्य: "हे झालं पुस्तकाचं. आता आपलं." की मुलांचे बाक पुढे सरकायचे. भिंतीच्या या बाजूची माझी मुलंही माना तिकडे वळवायची. मी डस्टर आपटायची. त्या 'आपलं'मध्ये काहीही असे. निजामाच्या अमलातली वसुली सांगताना ते गावातल्या कुठल्या शेतात पटवाऱ्याची घोडी रुतली होती ते सांगत, आणि संध्याकाळी मुलं ते शेत पाहून येत. शाळेत तेलुगू घरांतलीही दोन-चार मुलं होती. ती त्यांना 'वाठोरे सारू' म्हणत आणि घरी जाऊन 'आता आपलं' मराठीतच म्हणून दाखवत.

शिक्षकांच्या खोलीत मात्र 'हे झालं, आता आपलं' मी चालू देत नसे. मी गणिताची. मी म्हणायची, "सर, पुरावा?" ते म्हणायचे, "बाई, सगळ्याले पुरावा मांगाल तर जेवन थंडं होते." आणि डबा उघडायचे. डब्यात ज्वारीची भाकर, तेलातला ठेचा आणि एका पुडीत भुईमुगाच्या शेंगा ठरलेल्या. शेंगा स्वतः फोडायचे आणि अर्ध्या समोरच्यापुढे सरकवायचे. समोर कोण बसलंय याच्याशी त्याचा संबंध नसे. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यापुढेही त्यांनी शेंगाच सरकवल्या होत्या, आणि साहेबांनी त्या खाल्ल्या.

छत्रीचं मी महिनाभर मनात ठेवलं, मग एका मधल्या सुट्टीत विचारलंच.

"तिकडं कडुनिंब दिसते का बाई? अन् इकडं हीर?" सर म्हणाले. हीर म्हणजे विहीर. "मधात सत्तावीस पावलं हायेत, मी मोजले. आमच्या आज्यापासून तं बापापरेंत, आमच्यातल्या मानसानं त्या सत्तावीस पावलायत चप्पल हातात घ्याची, छत्री मिटाची अन् मान खाली घालून चालाचं. देशमुखाची देवडी ना जी. पानी असो का ऊन." एक शेंग फोडून दाणे तोंडात टाकले. "मले इथं नोकरी लागली तवा म्हनलं, एवढ्या जनायनं छत्र्या मिटल्या, कोनीतरी उघडाले पायजेन का नाई?"

आणि ते हसले. मला हसावं की नाही कळेना. मुधोळला आमच्या गोठ्यातल्या फळीवर एक वेगळी कपबशी असायची, ती मला नेमकी तेव्हा आठवली. ती कुणासाठी होती हे मी लहानपणी कधी विचारलं नव्हतं. मला लाज वाटली आणि मी शेंगा सोलू लागले.

"हसा जी," सर म्हणाले. "आमी हासतो म्हून तं सांगता येते."

दरवर्षी दिवाळीनंतर ते सातवीच्या मुलांना देवडीसमोर नेऊन बसवत. ही त्यांची सहल. बस नाही, डबा नाही, शंभर पावलं चालायचं. माना वर करायच्या आणि दोन मोरांत फरक किती ते सांगायचं. उजवा मोर देखणा. लांब नाजूक मान, पिसाऱ्याचा प्रत्येक डोळा मोजून काढलेला. डावा मात्र बुटका, पोटाने भरलेला, पाय जाडजूड, आणि चेहऱ्यावर नुकतंच अंडं घातलेल्या कोंबडीचं समाधान. गावात त्याला कोंबडाच म्हणत. मुलं हसून लोळायची. सर त्यांचं हसणं संपू देत.

"उजवा कोनी केला? निर्मलच्या कारागिरानं. हे झालं देशमुखाचं. आता आपलं."

आपलं होतं ते असं. देशमुखांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि देवडी त्याआधी पुरी करायची होती. निर्मल गावाहून एक मोठा कारागीर आला. उजवा मोर झाला आणि त्याला हिवताप भरला. गोधड्यांत गुंडाळून बैलगाडीतून त्याला घरी पाठवला. मागे राहिला त्याचा मदतनीस, ज्याला वेली काढता येत, मोर येत नसे. आणि राहिले सरांचे आजोबा, जे बैल जुंपलेल्या घाणीवर चुना मळायचे. गुळाचं पाणी किती, हिरड्याचं किती, बेलाचा गर कधी घालायचा, हे सगळं त्यांच्या हातात. दुरून, खालून, त्यांनी उजवा मोर होताना रोज पाहिला होता. मदतनिसाने रडायचं तेवढं बाकी ठेवलं, तेव्हा आजोबा म्हणाले, मी करतो. पहाडावर, म्हणजे बांबूच्या परांचीवर, गोणपाटाचा पडदा बांधला, कारण कुणाचा हात लागतोय हे देशमुखांना कळता कामा नये. पडद्याआड तीन दिवसांत डावा मोर झाला.

"मोराच्या अंदर हड्डी लागते," सर मुलांना सांगत. "नाईतं चुना गळून पडते. कारागिरानं लोखंडाची तार वापरली. ते उरलेली तार संगं घेऊन गेला. आमच्या आज्यापाशी काय होतं? वावर होतं दुसऱ्याचं, अन् वावरात पराटी." पराटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली झाडाची वाळकी काडी, जी आमच्याकडे चुलीत जाते. "पराटी बांधली अंबाडीच्या सुतळीनं, अन् तिच्यावर चुना चढवला. उजवा मोर चित्रातला हाय पोरायहो. डावा मोर आज्यानं जागल करतानी वावरात पाह्यलेला हाय, तूर खाऊन मातलेला."

मग आवाज थोडा खाली यायचा. "देशमुखानं मदतनिसाले शेला देल्ला. आज्या घाणीवर. अन् त्याच्यानंतर जल्मभर इथून जातानी चप्पल हातात अन् मान खाली. म्हंजे आपला मोर आमच्या आज्यानं समोरून कधी धड पाह्यलाच नाई."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मुलांमागे उभी राहून मीही मान वर करून डावा मोर पुन्हा पाहिला. पण मी मी आहे. खोलीत आल्यावर म्हणाले, "सर, पुरावा?"

"मोराच्या पोटात हाय," सर म्हणाले. "फोडून पाहा लागते."

देशमुखांच्या घराण्यातली गोष्ट वेगळी होती. त्यांच्या मते दोन्ही मोर हैदराबादहून आणलेल्या एकाच उस्तादाचे आणि डावा पावसाने खराब झालेला. गावातले निम्मे लोक हे मानत, निम्मे सरांचं, आणि लग्नाची वरात देवडीसमोरून जाताना दोन्ही निम्मे वर पाहून हसत.

मग एका उन्हाळ्यात दिलीपराव आले. देशमुखांचे नातू, हैदराबादेत स्थायिक, बोलायला गोड. त्यांना देवडी दुरुस्त करायची होती. शाळेला आनंदच झाला. मंचेरियलकडचा एक मेस्त्री पहाड बांधून कामाला लागला, पिवळे-निळे रंगाचे थर खरवडले गेले आणि खालचा पांढरा चुना वर आला तेव्हा आम्ही सगळे शिकवणं सोडून बाहेर येऊन पाहत होतो. तिथेच दिलीपरावांनी सहज सांगितलं की डावा मोर उतरवून उजव्यासारखा नवा बसवायचा आहे, सिमेंटमध्ये, साच्यातून.

वाठोरे सर पुढे झाले.

"काऊन जी?" त्यांनी विचारलं.

"सर, जोडी सारखी नको का? फोटोत किती विचित्र दिसतं."

"सारखी असती तं तुमी फोटो काहाले काढला असता?"

दिलीपराव हसले. त्यांना सरांची गोष्ट माहीत होती. ते म्हणाले, "सर, तुमचंही मन मोडायचं नाही मला. असं करू. नाहीतरी हा उतरवायचाच आहे. आत्ता सगळ्यांसमोर फोडू. आत पराटी निघाली तर बोर्डावर तुमच्या आजोबांचं नाव मी स्वतः लिहीन. मोठ्या अक्षरात."

म्हणाले ते मनापासून, हे मला आजही वाटतं. सगळी शाळा माना वर करून उभी. मेस्त्रीच्या हातात छिन्नी. ज्या पुराव्यासाठी मी या माणसाला इतकी वर्षं छळलं तो दहा हातांवर होता, आणि नावही मिळत होतं. सरांनी वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. कपाळावर घाम होता.

"नाई," ते म्हणाले. "नाव राहू द्या. मोर राहू द्या."

दिलीपरावांनी मेस्त्रीकडे पाहिलं. सोडवणूक केली ती मेस्त्रीने. तो पहाडावरून उतरला, छिन्नी कमरेला खोवली आणि आपल्या हिंदीत म्हणाला, "सार, उजवावाला मैं दस बना देतूं, साचा है. ये बाजूवाला मेरे से नै होता. इसको कोई देख के बनाया." आणि विडी पेटवायला विहिरीकडे निघून गेला.

मोर राहिला. गावभर झालं की वाठोरे सरांनी नावावर पाणी सोडलं आणि मोर वाचवला. मीही त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं की असा माणूस मी पाहिला नाही. दिलीपरावांनी लोखंडी बोर्ड लावला. घराण्याचा इतिहास, मग शेवटी दोन ओळी: उजवा मोर, निर्मल येथील कारागीर. डावा मोर, कारागीर अज्ञात. दोन्ही एकाच उस्तादाचे हा हट्ट त्यांनी सोडला होता, एवढं तरी झालं.

सरांना त्या बोर्डाची फार मजा वाटली. दुसऱ्या दिवसापासून छत्री उघडून आत येताना ते वर पाहून म्हणू लागले, "काय अज्ञातराव, बरं हाय ना?" मुलंही म्हणू लागली. कोंबडा हे नाव मागे पडलं आणि डावा मोर अज्ञातराव झाला.

सर निवृत्त झाले, पण वर्तमानपत्र वाचायचं निमित्त करून शाळेत रोज यायचेच. निवृत्तीच्या दुसऱ्या वर्षी, चिंचा पिकल्या होत्या तेव्हा, माकडांची टोळी देवडीवर नाचली आणि एका दांडग्या माकडाने अज्ञातरावांच्या शेपटीवर उडी मारली. शेपटीचं टोक खाली येऊन फुटलं. रविवार होता. मी पेपर तपासायला आले होते, सर वर्तमानपत्राला. शाळेत तिसरं कुणी नव्हतं.

सरांनी शिडी लावली. मी खाली धरून उभी राहिले आणि या वयात हे करू नका असं म्हणत राहिले. ते वर गेले आणि तुटलेल्या शेपटीवर वाकले. मी दोनदा हाक मारली. ते उतरले. चेहरा ओला होता.

"बाई, तुमी चढा."

"मी?"

"चढा जी. शिडी मी धरतो."

पदर खोचून मी चढले. आयुष्यात पहिल्यांदा. तुटलेल्या जागी चुन्याच्या मध्ये बोटाएवढी एक करडी काडी होती, तिच्यावर सालही शिल्लक, आणि तिला वेटोळे घातलेली सुतळी. कापसाच्या मुलखात वाढलेल्या बाईला ती काय आहे हे सांगावं लागत नाही.

"पराटी," मी वरूनच म्हणाले.

"तुमी पाह्यली?"

"पाहिली, सर."

खाली उतरून आम्ही दोघं कमानीच्या ओट्यावर बसलो. सरांनी खिशातून शेंगा काढल्या, पण फोडल्या नाहीत.

"त्या दिवशी दिलीपराव फोडू म्हनले ना बाई, मी मोरासाठी नाई म्हनलं असं तुमाले वाटलं असन."

"सगळ्या गावाला वाटलं."

"मी भ्यालो होतो जी. अंदर तार निंगाली असती तं? चाळीस वर्सं पोरायले सांगून राह्यलो. बाप सांगे म्हून मी सांगतो, आज्या सांगे म्हून बाप सांगे. म्या कुठं पाह्यलं होतं? तुमी पुरावा मांगा ना, तवा मी हासो. घरी जाऊन झोप नाई ये." मग शेंग फोडली, अर्धी मला दिली. "खरं बोलला आज्या. येकदम खरं बोलला."

या माणसाबद्दल मला जेवढं प्रेम त्या ओट्यावर वाटलं तेवढं आधी कधी वाटलं नव्हतं. मी मोबाइल काढला. म्हणाले, फोटो काढते, दिलीपरावांना पाठवते, आठ दिवसांत बोर्ड बदलेल.

"फोटो नको. मले पाह्याचं होतं, मी पाह्यलं. तुमी गनितवाल्या, तुमी बी पाह्यलं. आता गावातला एकेक जन शिडी लावन अन् काडी ओढून पाहीन. अन् एक पानी अंदर गेलं का पराटी सडते. झाका लागते."

दुरुस्तीच्या वेळचा उरलेला चुना त्यांनी शाळेच्या कोठीत एका माठात पाण्याखाली मुरत ठेवला होता. कशासाठी, हे मी कधी विचारलं नव्हतं. तो काढला, मळला, आणि सर पुन्हा वर चढले. थापीने करून पाहिलं, मग थापी खाली टाकली आणि बोटांनीच शेपटी घडवली. झाली तीही जराशी जाडच.

"पण सर, बोर्ड?" मी खालून विचारलं.

"बोर्ड लोखंडाचा हाय, गंजते. मी गेल्यावर तुमाले वाटलं तं तुमी लिहा कधी."

पुढच्या वर्षी त्यांच्या मुलीने त्यांना मंचेरियलला नेलं. तिथेच ते गेले, झोपेत, काही त्रास न होता. मी जायला निघाले तोवर सगळं आटोपलं होतं, म्हणून माझ्याकडे त्यांचं शेवटचं दर्शन आहे ते मंचेरियलला निघाले त्या सकाळचं.

मुलगी ऑटोत बसलेली, सामान भरलेलं. सर म्हणाले थांबा, आणि कडुनिंबापाशी जाऊन उभे राहिले. छत्री उघडली. पायांत नव्या चपला होत्या, मुलीने आणलेल्या, करकर वाजणाऱ्या. तिथून चालत आले, अगदी सावकाश. कमानीसमोर थांबून त्यांनी छत्री मागे कलती केली, मान वर केली आणि डाव्या मोराकडे पोटभर पाहिलं. "येतो जी, अज्ञातराव," म्हणाले. ऑटोवाल्याने हॉर्न दिला. सर ऑटोत बसू लागले, पण छत्री काही आत मावेना. मुलगी म्हणाली, बाबा, मिटा ना. सर म्हणाले, हीर येऊ दे, सत्तावीस पावलं नाई झाले अजून. ऑटो निघाला, तेव्हा उघडी काळी छत्री एका बाजूने बाहेर डुलत होती आणि आतून सरांचं हसणं ऐकू येत होतं. विहिरीपलीकडे गेल्यावर ती मिटली.

अज्ञातरावांचं, म्हणजे तो मोर घडवणाऱ्या सरांच्या आजोबांचं, नाव किसन वाठोरे. सर म्हणाले होते, तुमी लिहा कधी. लिहिलं.